पालीच्या खडकावरचे रविवार

समुद्रासमोर उभं राहिलं की माणसाला आपल्या क्षुद्रतेची जाणीव होते. मी उत्तनजवळच्या पाली गावात तीन दिवस समुद्रासमोर उभा राहिलो आणि त्यातले दोन दिवस मला मुख्यतः माझ्या चपलेचा अंगठा तुटल्याची जाणीव होत राहिली. चप्पल काढावी तर खडकाला चिकटलेल्या कालवांचे शिंपले तळपायाला कापत होते. क्षुद्रतेकडे लक्ष देण्याइतकी फुरसत मिळाली नाही.

मी सांगलीचा. आमच्याकडे मासे धरणं हा बसून करायचा उद्योग आहे. कृष्णेच्या काठी सावली बघायची, गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावायचा आणि पाण्याकडे बघत बसायचं. माशाला फसवायचं असलं तरी खायला काहीतरी द्यायचं, एवढी सभ्यता त्यात आहे. माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, यांनी ही सभ्यता सोडली आहे. ते खोट्या माशाने खरा मासा धरतात. निदान धरायचा प्रयत्न करतात. त्याचीच ही हकिगत.

गुरुवार

दाजी मूळचे रत्नागिरीकडचे. सरकारी नोकरीत आयुष्य गेलं आणि भाईंदरच्या एका चारमजली इमारतीत संसार झाला. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हा कार्यालयाने शाल-श्रीफळ दिलं आणि दाजींनी स्वतःला एक रॉड घेऊन दिला. सोबत रीळ, मानेवर पडदा असलेली टोपी, चौदा खिशांचं जाकीट आणि एक पेटी. पेटीत कप्पे, कप्प्यांत जपानी बनावटीचे प्लास्टिकचे मासे. निळ्या पाठीचे, रुपेरी पोटाचे, काहींना डोळे इतके जिवंत की पेटी उघडली की आपलीच चौकशी चालू आहे असं वाटावं. दाजी त्यांना ल्युअर म्हणतात. ताई त्यांना खेळणी म्हणते.

गेली दोन वर्षं दाजी दर रविवारी पहाटे बस धरून पालीला जातात, ठरलेल्या खडकावर उभे राहतात आणि हे ल्युअर समुद्रात फेकतात. रविवारीच का, असं मी विचारलं. निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच. दाजींना प्रश्न कळला नाही. रविवार सुट्टीचा वार असतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

दोन वर्षांत त्यांना एकही मासा मिळाला नव्हता. मात्र त्या खडकापाशी एक प्रचंड मासा आहे, याबद्दल त्यांची खात्री होती. तो दर दोन-तीन रविवारी लागतो, रॉड वाकवतो, हलत नाही, ओढू देत नाही आणि शेवटी दोरी तोडून ल्युअर घेऊन जातो. घोळ असावा किंवा मोठा गोबरा, असं ते म्हणत. त्याचं वजन दर महिन्याला थोडं वाढत होतं.

जेवताना त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती. महिनाअखेरीला घर रिकामं करायचं आणि नाशिकला लेकीकडे जायचं. तिथे गोदावरी आहे, समुद्र नाही. लेकीने दोन वर्षांपासून सांगून ठेवलं होतं की बाबा, पहिला मासा लागला की फोटो पाठवा, हॉलमध्ये लावू. जावयाने खिळाही ठोकून ठेवला होता. त्या खिळ्यावर सध्या कॅलेंडर होतं.

"निदान एक," दाजी म्हणाले. "जायच्या आधी निदान एक."

ताईने त्यांच्या ताटात तळलेल्या बोंबलाचा आणखी एक तुकडा वाढला. मला नंतर कळलं की दोन वर्षं दर रविवारी दाजी पालीला गेले की ती बाजारात जाऊन मासे घेऊन येते. माणूस समुद्रावरून रिकाम्या हाताने आला तरी चालेल, पण त्याने डाळ-भात खाऊ नये, असं तिचं मत आहे.

शुक्रवार

माझं परतीचं तिकीट रविवार संध्याकाळचं होतं आणि एका रविवारात मला शिकवून होणार नव्हतं, म्हणून दाजींनी नियम मोडला आणि आम्ही शुक्रवारी निघालो. जिन्याखाली तळमजल्यावरचे शांतिभाई उभे होते. ते पक्के शाकाहारी. दर रविवारी दाजी परत आले की "क्या साहब, आज कुछ मिला?" असं विचारायचं आणि नाही म्हटलं की "चलो, अच्छा है" म्हणायचं, हा त्यांचा परिपाठ. शुक्रवारी रॉड बघून ते गोंधळले आणि त्यांनी आज कोणती सुट्टी आहे, असं विचारलं.

भाईंदर सोडलं की रस्त्याला एका बाजूला मिठागरं लागतात आणि हवेचा वास बदलतो. उत्तनला पोचेपर्यंत तो इतका बदलतो की नवखा माणूस रुमाल काढतो. मी काढला. शेजारची बाई माझ्याकडे बघून हसली आणि तिने आपली माशांची पाटी माझ्या पायांपासून चार बोटं लांब सरकवली. आमच्याकडे बसमध्ये इतकं सौजन्य दिसत नाही.

पालीच्या गल्ल्या अशा की समोरून स्कूटर आली तर एकाने कुणाच्या तरी ओसरीवर चढावं लागतं. आम्ही तीन ओसऱ्या चढलो. शेवटच्या घरानंतर एकदम उजेड आणि समुद्र. किनाऱ्यालगत बांबूंच्या उंच वलांडी उभ्या होत्या आणि त्यांवर बोंबील सुकत होते, दोन-दोन, तोंडात तोंड अडकवलेले, ओळीने हजारो. लांबून बघितलं तर कुणीतरी गुलाबी पडदे लावलेत असं वाटतं. जवळून तसं वाटत नाही.

पौर्णिमा जवळ आली होती, त्यामुळे सकाळी पाणी लांब ओसरलं होतं. खडकांवर बायका वाकून कालवं फोडत होत्या. दाजींना हे सगळं नवीन होतं. रविवारी इथे चिटपाखरू नसतं, असं ते म्हणाले. त्यांना वाटायचं, गाव उशिरा उठतं.

त्यांनी मला खडक दाखवला, ल्युअर निवडून दिला आणि फेक कशी करायची ते शिकवलं. मनगट असं, बोट इथे, नजर क्षितिजावर. मी सगळं तसंच केलं. फक्त बोट अगोदर सुटलं. ल्युअर क्षितिजाकडे न जाता आमच्या मागे गेला आणि कशात तरी घट्ट रुतला. मी रीळ फिरवलं, रॉड वाकला, आणि वलांडीवरून एक बोंबील सुटून उडत माझ्या पायाशी आला. दोन वर्षांत दाजींना जे जमलं नव्हतं ते मला पहिल्याच फेकीत जमलं. मासा मेलेला होता, ही गोष्ट वेगळी.

कालवं फोडणारी एक बाई कंबर सरळ करून आमच्याकडे आली. साठीच्या आसपासची, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातात लोखंडी कोयती. तिने बोंबील पाहिला, प्लास्टिकचा मासा पाहिला, मग दाजींकडे, त्यांच्या टोपीकडे आणि चौदा खिशांकडे पाहिलं. भांडण होणार म्हणून मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर तिचा चेहरा जुना पाहुणा भेटावा तसा उजळला.

"आयतारचा मानूस तूच काय?"

आयतार म्हणजे रविवार. दाजींनी मान हलवली. तिने मागे वळून इतर बायकांना हाक मारली, की ह्यो बघा आयतारचा आला, आज शुक्रवारीच आला. त्याही हात पुसत आल्या. आम्हाला काही कळेना. बाईचं नाव फिलोमिना, सगळे फिलुबाय म्हणतात. तिने सांगितलं, चला घरी, तुमची वस्तू हाय.

घरात तिचा नवरा इनास जाळं विणत बसला होता. सत्तरीचा, बारीक, हनुवटीवर पांढरे खुंट. बोट आता मुलगे नेतात, तो जाळी दुरुस्त करतो. फिलुबायने कपाटावरून बिस्किटांचा जुना डबा काढून दाजींच्या पुढ्यात ठेवला. त्यात प्लास्टिकचे मासे होते. निळ्या पाठीचे, रुपेरी पोटाचे. गळ कापून काढलेले, पण डोळे तसेच. दाजींनी एकेक उचलून जमिनीवर ओळीत मांडला. एकतीस भरले. त्यांना प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं.

मग खुलासा झाला. दाजींच्या खडकापुढे एका बुडालेल्या बोटीचा नांगर आहे आणि त्याला वर्षानुवर्षांची फाटकी जाळी गुंडाळलेली आहे. ओहोटीलाही तिथे मांडीभर पाणी राहतं, वरून दिसत नाही. सोमवारी-मंगळवारी पाणी बघून बायका कालवांना उतरतात, तेव्हा त्यांना तिथे एक नवा रंगीत मासा अडकलेला सापडतो. पहिल्यांदा त्यांना वाटलं, कुणा पोराचं खेळणं. मग वरचेवर सापडू लागला, तेव्हा कुणीतरी चर्चला जाताना लांबून टोपी बघितली. सोमवारी कोणता रंग निघणार, यावर पैजा लागायच्या. गेल्या नाताळला ते सगळे येशूच्या गोठ्याभोवती दोरीला टांगले होते. फादरांनी येऊन बघितलं आणि फार सुंदर म्हणाले.

"मग मला सांगितलं का नाही?" दाजींनी विचारलं.

"कवा सांगनार?" इनास म्हणाला. "तू आयतारी येतंस. आयतारी आमी चर्चात. पाली गावचा एक मानूस आयतारी दर्यावर जात न्हाय."

तर असं होतं. सबंध गावाला जे ठाऊक होतं ते दाजींना दोन वर्षं कळलं नाही, कारण ज्या दिवशी दाजी येत त्या दिवशी गाव येत नसे. दोघेही आपापला रविवार पाळत होते.

दाजी डब्याकडे बघत राहिले. मला वाटलं, एकतीस ल्युअर परत मिळाल्याचा आनंद असेल. तो नव्हता. त्यांचा प्रचंड मासा गेला होता. जो दर दोन-तीन रविवारी लागत होता, हलत नव्हता, ओढू देत नव्हता, तो नांगर होता. हलत का नव्हता तेही आता कळलं.

ताईच्या वयाच्या कुणाही बाईला हे कळलं असतं, तसं फिलुबायलाही कळलं. तिने कालवांचं सुकं आणि तांदळाची भाकरी वाढली. कालवं मी पहिल्यांदाच खाल्ली. मटणाची सवय असलेल्या जिभेला ती आधी समुद्राचा घोट वाटतात, आणि तिसऱ्या घासाला लक्षात येतं की आपण दुसऱ्यांदा वाढून घेतलं आहे. इनासने मधल्या वेळात सांगितलं की खोट्या माशात नवीन काही नाही, त्याचा बापूस शिशाच्या गोळ्याला कोंबड्याचं पांढरं पीस बांधून बोटीमागे ओढायचा आणि सुरमई धरायचा. जपानची विद्या पालीला आणली, असं समजणाऱ्या दाजींनी हेही मुकाट्याने भाकरीबरोबर खाल्लं.

निघताना इनास म्हणाला, उद्या ये. शनिवारी. पाणी चढायला लागलं की. जागा मी दावतो.

चाळीस वर्षं साहेब म्हणवून घेतलेल्या दाजींना पालीत सगळे अरेतुरे करत होते. त्यांनी ते लक्षात घेतल्याचं दिसलं नाही.

शनिवार

इनासची जागा दाजींच्या खडकापासून फार तर दोनशे पावलं. दोन काळ्या कातळांमध्ये एक खाच आहे, भरतीचं पाणी तिच्यातून आत शिरतं आणि फेस करून फिरतं. इनास एका दगडावर विडी ओढत बसला. त्याने सांगितलं ते एवढंच, की खोट्या माशाला इतका पळवू नकोस, खरा मासा इतका कामात नसतो. दाजींनी डब्यातला एक जुना ल्युअर निवडला होता, नाताळात गोठ्यावर टांगलेला, पाठीचा निळा रंग अर्धा गेलेला. रात्री बसून त्याला नवे गळ लावले होते.

तासभर काही झालं नाही. एरवी मासा लागो न लागो, दाजी दर पाच फेकींनी मला काहीतरी शिकवतात. त्या दिवशी शिकवलं नाही. मग दोरी ताणली गेली आणि रॉडचं टोक वाकलं. एरवी त्यांनी ओरडून सांगितलं असतं की लागला. त्यांनी रीळ थांबवलं आणि अगदी हळू, मला ऐकू यावं इतकंच म्हणाले, "अडकला."

इनासने विडी विझवली. "अडकला न्हाय," तो म्हणाला. "लागला."

टोक हललं. खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. दाजींचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तो इतका घाबरलेला नव्हता, आणि मी त्या लग्नात होतो. इनास उठून त्यांच्या बाजूला उभा राहिला, पण त्याने हात लावला नाही. फक्त बोलत राहिला, आता ओढ, आता दे, खडकात शिरू देऊ नको, दे, ओढ. तीन-चार मिनिटांनी पाण्यातून एक हेकरू वर आलं. तपकिरी अंगावर ठिपके, जाड ओठ, रागीट तोंड, तोंडात निळा प्लास्टिकचा मासा. वीतभरापेक्षा थोडं मोठं.

दाजींनी मला फोटो काढायला सांगितलं. मी काढले. चार काढले.

मग ते वाकले, चिमट्याने गळ काढला आणि हेकरू घेऊन पाण्याकडे निघाले.

"कुठं चाललास?" इनासने विचारलं.

"सोडतो. आम्ही मासा सोडून देतो."

"आमी म्हंजे कोन? तुझा ह्यो पयलाच हाय."

दाजींचं तत्त्व दोन वर्षं जुनं होतं. त्यांनी ते व्हिडिओत पाहिलं होतं, घरात वेळोवेळी जाहीर केलं होतं, आणि आजवर ते पाळायची वेळ न आल्यामुळे ते अगदी कोरं राहिलं होतं. मला वाटलं, आता मोडेल. मासा हातात असतो तेव्हा तत्त्व जड होतं. दाजी गुडघ्यावर बसले, हेकरू पाण्यात धरलं, त्याचे कल्ले हलू लागेपर्यंत थांबले आणि हात उघडले. ते खाचेत दिसेनासं झालं.

इनास बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होता. चाळीस-पन्नास वर्षं समुद्रातून मासे बाहेर काढत आलेला माणूस. आत टाकताना त्याने बहुधा पहिल्यांदाच कुणाला पाहिलं असावं. शेवटी तो खाचेकडे बघून म्हणाला, "जा बाबा. नाताळला ये."

खडकावर बसून मी फोटो दाखवायला मोबाइल काढला. चारही फोटोंत माझी हनुवटी होती. कॅमेरा माझ्याकडे वळलेला होता आणि उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं. दुसऱ्या फोटोत माझ्या कानामागे थोडं आकाश आहे. हेकरू कुठेच नाही.

मी दाजींना दाखवलं. त्यांनी चारही नीट पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू दे." रागावले असते तर बरं झालं असतं. बसमध्ये ते खिडकीशी रॉड धरून बसले.

जिन्याखाली शांतिभाईंनी विचारलं, "क्या साहब, आज कुछ मिला?"

"मिला," दाजी म्हणाले. "छोड दिया."

शांतिभाईंनी दोन्ही हात जोडले. पुरावा मागितला नाही. दाजींच्या तत्त्वाचा पूर्ण आदर झाला तो एवढ्या एकाच ठिकाणी. वर ताईने सगळं ऐकून घेतलं, मग माझी हनुवटी पाहिली, चारही वेळा. मग माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती, तेव्हाही अशीच बघत होती.

रविवार

पहाटे दाजी तयार होते. रविवार होता. मीही गेलो, नवी चप्पल घालून.

पाली रिकामं होतं. वलांडीवर कावळे होते आणि चर्चची घंटा वाजत होती. मला वाटलं, ते खाचेकडे वळतील. ते आपल्या जुन्या खडकावर गेले. पेटी उघडली, सगळ्यात चांगला ल्युअर काढला, लाल डोक्याचा, अजून न वापरलेला. अंदाज घेऊन एकदाच फेकला, जिथे नांगर आहे तिथे. दोन वर्षांत इतकी अचूक फेक त्यांनी केली नसेल. दोरी ताणली, हलेना. त्यांनी ओढून पाहिलं नाही. खिशातून कात्री काढून दोरी कापली.

"लाल त्यांच्याकडे नव्हता," ते म्हणाले.

घरी आलो तर ताई स्वयंपाकघरात होती. ओट्यावर थाळीत एक हेकरू होतं, बाजारातून आणलेलं. तपकिरी, ठिपके, रागीट तोंड.

"हाच ना?" तिने विचारलं.

दाजींनी ते उलटसुलट करून पाहिलं. "जरा मोठा आहे."

"कालपासून वाढला असेल. टोपी घाला."

दाजी काही वेळ उभे राहिले. तत्त्वाचा प्रश्न असावा. मी मध्ये पडलो नाही. मग त्यांनी जाकीट चढवलं, टोपी घातली, मानेवरचा पडदा नीट केला आणि हेकरू दोन्ही हातांनी छातीसमोर धरलं. शनिवारी खाचेपाशी होता तोच चेहरा पुन्हा आला. तो मात्र बाजारातून आणलेला नव्हता. मी कॅमेरा कुणाकडे वळलाय ते दोनदा तपासलं. नंतर ताईने हेकरू तळलं आणि आम्ही तिघांनी खाल्लं.

आता दाजी नाशिकला असतात. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. हॉलमध्ये कॅलेंडर काढून त्या खिळ्यावर फोटो लावला आहे, मोठा, काचेच्या चौकटीत. आल्यागेल्याला जावईबापू तो कौतुकाने दाखवतात आणि लोक समुद्र, वारा, माणूस आणि निसर्ग यांबद्दल दोन शब्द बोलतात. फोटो चांगला आला आहे. दाजींच्या डाव्या कोपरामागे गॅसची शेगडी आहे, आणि तिच्यावर कुकर.